मेलमधले खडे निवडताना



मागच्या वेळी उन्हाळ्यातल्या वाळवणाबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर मी वेगळ्याच निवडण्या-टिपण्यात अडकले होते. आज त्याबद्दल लिहिते. विषय कॉम्प्युटरचा आहे म्हणून पान उलटू नका. यात माझी एक चूक आहे, आणि ती तुमच्यापैकी कोणाच्याही घरी होऊ शकते.

आमचं नरसिंहपूर म्हणजे पुणे जिल्ह्याचं टोक. इथे नीरा भीमेला मिळते आणि नदीपलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. गावात आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. दुकान आणि घर मिळून मेलचा पत्ता एकच. मुलाने फार पूर्वी तो काढून दिला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल वाचायचा प्रोग्रामही बसवून दिला. डाळींच्या भावाची पत्रकं, जीएसटीचे मेल, बँकेचे उतारे, लेकीने पाठवलेले फोटो, सगळं त्या एकाच पत्त्यावर येतं. आमच्या महिला मंडळाकडून मुलींना शिक्षणासाठी थोडी मदत दिली जाते. मी बी.कॉम. झालेली, म्हणून हिशेब माझ्याकडे. आणि हिशेब माझ्याकडे म्हणून त्या मदतीचे अर्जही याच पत्त्यावर.

गेल्या वर्षी जुलैत मदतीची यादी लागली. दुसऱ्या दिवशी अकलूजच्या एका मुलीचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"काकू, माझा अर्ज तुम्हाला मिळाला होता का?"

यादी माझ्यासमोरच होती. "नाही बाळ, तुझा अर्ज आलेलाच नाही," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पुढे म्हणाले, "मुदत सगळ्यांना सारखीच असते ना. वेळेवर पाठवायचा असतो."

"बरं काकू," म्हणून तिने फोन ठेवला.

रात्री सामायिकाला बसले तरी मन तिथेच. "पाठवायचा राहिला" असं ती म्हणाली नव्हती. "मिळाला होता का" असं तिने विचारलं होतं. दुकानात बसणाऱ्या बाईला या दोन वाक्यांतला फरक कळायला हवा होता. सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी जंकचं फोल्डर उघडलं. लॉटरीचे, कर्जाचे, गुडघेदुखीच्या तेलाचे मेल मागे सारत गेले, आणि त्या ढिगात तिचा अर्ज सापडला. मुदतीच्या चार दिवस आधी पाठवलेला. गुणपत्रिका जोडलेली, फीची पावती जोडलेली. शाळेत शिकवतात तसा नीट मायना घालून इंग्रजीत लिहिलेला.

आधी मला कॉम्प्युटरचाच राग आला. कारण त्याच कामाचे बाकीचे पाच अर्ज व्यवस्थित समोर आले होते. एकाच पिठाच्या पाच भाकरी फुगल्या, मग सहावीच कशी बसली? हे आजचं नव्हतं. डाळीच्या एकाच व्यापाऱ्याचं भावपत्रक सोमवारी समोर यायचं आणि गुरुवारी जंकमध्ये जायचं. लॉटरीचा मेल आज अडायचा, उद्या तसाच दुसरा सरळ आत यायचा. मी मुलाला फोन करून तक्रार केली की तुझी चाळणी बिघडली आहे.

तो म्हणाला, "आई, ही चाळणी आपल्याकडूनच शिकते. तिला आजवर कोणी काय काय शिकवलंय ते आधी बघ."

मग दोन संध्याकाळी त्याने फोनवर मला तिचं काम समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

नकोशा मेलला स्पॅम म्हणतात. हे नाव मुळात अमेरिकेत १९३७ मध्ये निघालेल्या डबाबंद डुकराच्या मांसाचं. पुढे १९७० मध्ये एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमात हा शब्द पुन्हा पुन्हा घोकून प्रेक्षकांना भंडावून सोडलं गेलं, आणि भंडावून सोडणाऱ्या मेलला तो चिकटला. चांगल्या मेलला ही कॉम्प्युटरवाली मंडळी हॅम म्हणतात. म्हणजे तेही मांसच! आपण आपले खडे आणि दाणे म्हणू.

ही चाळणी पाठवणाऱ्याचा चेहरा बघत नाही. ती शब्द मोजते. आपण एखादा मेल उघडून "हा खडा" अशी खूण केली, की त्यातले सगळे शब्द ती खड्यांच्या खात्यात मांडते. "हा दाणा" म्हटलं की दाण्यांच्या खात्यात. नवा मेल आला की त्यातला एकेक शब्द दोन्ही खात्यांत शोधते. समजा, खड्यांच्या १०० मेलपैकी ६० मध्ये आणि दाण्यांच्या १०० पैकी फक्त २ मध्ये 'लॉटरी' हा शब्द आहे. मग त्या एका शब्दापुरता तो मेल खडा असण्याचा संभव ६२ मध्ये ६०, म्हणजे सुमारे ९७ टक्के. 'तूरडाळ' हा शब्द उलट दिशेला ओढतो. अशा शब्दांचा एकत्र हिशेब करून ती निर्णय देते.

या हिशेबाचं मूळ थॉमस बेझ या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकाच्या गणितात आहे. तो १७६१ मध्ये वारला आणि त्याचा निबंध मित्राने १७६३ मध्ये प्रसिद्ध केला. बी.कॉम.ला संख्याशास्त्राच्या पेपरात संभाव्यतेची गणितं सोडवताना हे कधी माझ्या दुकानात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मेलसाठी हे गणित वापरण्याचे प्रयोग १९९८ च्या सुमारास झाले. २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहॅम या प्रोग्रामरने आपली रीत लिहून जाहीर केली, आणि मग ती सगळीकडे पसरली.

त्याने काय केलं होतं ते ऐकून मी वहीत लिहूनच ठेवलं. त्याच्याकडे खडे आणि दाणे दोन्ही साधारण चार-चार हजार होते. दाण्यांच्या मेलमधला शब्द तो दुप्पट मोजायचा. का? तर एखादा खडा आत आला तर तो आपण उचलून टाकू, पण एखादा दाणा कचऱ्यात गेला तर कळणारही नाही. आणि कधीच न पाहिलेला शब्द आला तर त्याला तो निम्म्याहून थोडं कमी, ०.४ इतकंच वाईट धरायचा. म्हणजे अनोळखी शब्दाला संशयाऐवजी थोडा विश्वासच. मी अकलूजच्या मुलीला एवढाही दिला नव्हता.

आता सांगते माझी तपासणी. रोजकीर्द आणि बँकेचा उतारा जुळत नसला की आपण बँकेला दोष देत बसत नाही, एकेक नोंद समोरासमोर ठेवतो. मी तेच केलं. एक शंभर पानी वही घेतली आणि रकाने पाडले: तारीख, कोणाचा मेल, चाळणीने कुठे टाकला, कुठे असायला हवा होता, आणि शेवटी, त्यावर कोणी काय दाबलं. पंधरा दिवस ही वही कॉम्प्युटरशेजारी ठेवली. त्या दिवसांत कुठलीही सेटिंग बदलायची नाही असं ठरवलं, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही.

शेवटच्या रकान्यानेच पहिला उलगडा केला. भावपत्रकावर मी "दाणा" अशी खूण केली होती आणि दोन दिवसांनी त्याच व्यापाऱ्याच्या पत्रकावर आमच्या ह्यांनी जंकचं बटण दाबलं होतं. मी विचारलं, "अहो, हे तर कामाचं पत्रक आहे ना?"

"हो, वाचलं की मी. भाव लिहून घेतला आणि बाजूला टाकलं."

"पण हे बटण बाजूला टाकायचं नाही. हा कचरा आहे, असं सांगायचं बटण आहे ते."

"असं होय? मला वाटलं, वाचलेलं पोस्टकार्ड आपण तारेला टोचून ठेवतो तसं आहे."

मला हसू आवरेना. पण किती वर्षं वाचलेलं प्रत्येक कामाचं पत्र ह्यांनी असं तारेला टोचलं असेल कोण जाणे! आणि मी ती पत्रं जंकमधून काढून पुन्हा दाणा म्हणत होते. बिचारी चाळणी सोमवारी एक ऐकायची आणि गुरुवारी दुसरं. संगमाच्या पुढे कोणतं पाणी नीरेचं आणि कोणतं भीमेचं हे सांगता येत नाही, तसं तिच्या खात्यात माझं कोणतं आणि ह्यांचं कोणतं, हे तिला कसं कळावं?

दुसरी गोष्ट माझ्या बाजूची होती. लॉटरीचा मेल आला की कधी मी खूण करायचे, आणि घाई असली की नुसताच डिलीट करायचे. आमच्या प्रोग्राममध्ये डिलीट केल्याने चाळणी काहीच शिकत नाही. म्हणजे मला वाटायचं मी शंभरदा शिकवलं, तिच्यापर्यंत जेमतेम निम्मं पोचलेलं.

तिसरी गोष्ट फोनची. मुलाने फोनवरही तोच पत्ता जोडून दिला आहे. पण फोनवर जे जंक दिसतं ते मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या चाळणीचं, आणि दुकानातलं ते आमच्या प्रोग्रामच्या चाळणीचं. या दोन चाळण्या एकमेकींशी बोलत नाहीत. पहिल्या चाळणीत अडलेले मेल आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरपर्यंत येतच नव्हते. मी एकाच डब्यात बघत होते आणि सगळं बघितलं असं समजत होते.

एवढं कळल्यावरही अकलूजच्या अर्जाचं कोडं उरलंच होतं. त्यावर ह्यांनीही काही दाबलं नव्हतं आणि मीही नाही. मग तो खडा कसा ठरला?

उत्तर सापडलं तेव्हा मी खुर्चीत बसूनच राहिले. नात कॉलेजला गेल्यापासून आमच्या पत्त्यावर खोट्या शिष्यवृत्तीचे मेल येऊ लागले होते. तुमच्या मुलाला शिष्यवृत्ती मंजूर, बँक खात्याचा नंबर कळवा, गुणपत्रिका जोडा. सगळे इंग्रजीत. त्यांतले फसवे मेल मी नेमाने, एकही न चुकवता, खडे म्हणून दाबत होते. त्यामुळे शिष्यवृत्ती, विद्यार्थी, अर्ज, खाते क्रमांक, गुणपत्रिका हे सगळे इंग्रजी शब्द माझ्या हाताने खड्यांच्या खात्यात जमा झाले. आणि दाण्यांच्या खात्यात? तिथे ते एकदाही नव्हते. आजवर जे खरे अर्ज नीट समोर आले, त्यांच्यावर "हा दाणा" असं मी कधी दाबलंच नाही. आलं ते बरोबरच आलं, त्यात सांगायचं काय, असं मला वाटायचं. वहीत बघितलं तर खडे शेकड्यांनी, आणि दाणे म्हणून मी सांगितलेले जेमतेम नऊ. एकाच बाजूला नोंदी असलेली खतावणी. तिची तेरीज कशी जुळणार?

मग बाकीचे पाच अर्ज कसे आले? चार जणींचे अर्ज त्यांच्या आयांच्या मेलवरून आले होते. त्या मंडळाच्या सभासद, त्यांचे पत्ते माझ्या यादीत. यादीतल्या पत्त्यावरून आलेलं काही जंकमध्ये टाकायचं नाही, अशी सोय प्रोग्राममध्ये आहे. पाचवीने मराठीत दोनच ओळी लिहिल्या होत्या: सोबत कागद जोडले आहेत, कृपया बघावेत. त्यात चाळणीला खटकणारा शब्दच नव्हता. अडली ती एकटी, जिची आई मंडळात नव्हती आणि जिने अर्ज सगळ्यांत नीट लिहिला होता.

मैत्रिणींनो, चाळणीचं वागणं लहरी नव्हतं. आम्ही तिला जे जसं शिकवलं, तसंच ती करत होती. लहरी होते आमचे दोघांचे हात.

सासूबाईंची आठवण झाली. त्या धान्य निवडायला दिवसाउजेडी बसायच्या. एका सुपाला दोघींचे हात लागू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तुझा खडा वेगळा, माझा वेगळा, मग सुपाचं काय खरं? आणि निवडून झाल्यावर बाजूला काढलेली घाण लगेच फेकायच्या नाहीत. त्यावर पुन्हा एक नजर टाकायच्या. त्यात एखादा दाणा गेला असेल तर परत घ्यायचा, आणि एखादा जीव असेल तर अलगद नेऊन सावलीत सोडायचा. आपण दाण्याइतकीच काळजी टाकलेल्याची करतो. मी मेलच्या बाबतीत ती दुसरी नजर टाकलीच नव्हती.

आणखी एक सांगण्यासारखं. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाभूत कल्पनांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी आपल्या स्याद्वादातली सप्तभंगी घेऊन तिचं संभाव्यतेच्या विचाराशी कुठे जुळतं ते दाखवलं. आपण पाठशाळेत शिकलो आहोत की 'स्यात्' म्हणजे संशय नाही. एका अपेक्षेने, एका बाजूने बघता असं आहे, हा त्याचा अर्थ. चाळणीसुद्धा "हा खडाच" असं म्हणत नाही. तुम्ही मला शिकवलं त्या अपेक्षेने हा बहुधा खडा, एवढंच ती म्हणते. "आलेलाच नाही" हे माझं वाक्य मात्र पूर्ण होतं, त्यात कुठल्याच अपेक्षेला जागा नव्हती. मी एका डब्यात एकदा बघितलं होतं. "माझ्या समोर तरी दिसत नाही, पुन्हा शोधते" एवढं म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं.

मग आम्ही दोघं पूल ओलांडून अकलूजला त्यांच्या घरी गेलो. मी तिच्या आईवडिलांसमोर तिला सांगितलं, "तुझा अर्ज वेळेत आला होता. मी तो पाहिला नाही, आणि वर तुलाच बोलले. चुकले मी." तिचे वडील म्हणाले, "ताई, मशीनचं काय, होतं असं." मी म्हटलं, मशीनचं नाही. मुलगी काही बोलली नाही, चहाचा कप पुढे केला. त्या सत्राची रक्कम वाटून झाली होती. पुढच्या सत्रात मंडळाने तिचं नाव सगळ्यांत आधी घेतलं. पण पहिली फी तिच्या वडिलांनी हातउसने करून भरली होती, ती काळजी त्यांना झाली ती झालीच. मंडळाच्या सभेच्या वहीत मी हे सगळं माझ्या नावाने लिहून ठेवलं आहे.

आता घरात काय बदललं ते सांगते, तुमच्या उपयोगी पडेल.

चाळणीला आधी शिकवलेलं सगळं पुसून टाकलं. तशी सोय प्रोग्राममध्ये असते. मग जुन्या मेलमधून खडे आणि दाणे साधारण सारख्या संख्येने काढून दोन्हींवर खुणा केल्या. मोठमोठ्या ठिकाणी वापरतात त्या स्पॅमअसॅसिन नावाच्या प्रोग्रामात तर ठरवूनच ठेवलेलं असतं की २०० खडे आणि २०० दाणे शिकल्याशिवाय शब्दांच्या या गणितावर निर्णय द्यायचा नाही. आम्हीही तोच आकडा धरला. दोन संध्याकाळी गेल्या.

दाण्यांत आजवरचे सगळे खरे अर्ज आठवणीने घातले, अकलूजचाही.

खूण करायचं काम एकटीच्या हाती, म्हणजे माझ्याकडे. ह्यांच्यासाठी 'वाचलेलं' नावाचं वेगळं फोल्डर केलं. त्याला आम्ही 'तार' म्हणतो.

नुसतं डिलीट नाही. खडा असेल तर खूण करूनच टाकायचा.

कामाच्या माणसांचे पत्ते यादीत घालायचे. अर्ज करणाऱ्या मुलीचा फोन आला की तिचा पत्ता आधी यादीत.

अर्ज मिळाला की दोन ओळींची पोच पाठवायची. आणि सूचनेतच लिहितो, "तीन दिवसांत पोच आली नाही तर फोन करा." लाजऱ्या मुलीला फोन करायला तेवढा आधार पुरतो.

अष्टमी आणि चतुर्दशीला मी दोन्ही जंक फोल्डर बघते, दुकानातलंही आणि कंपनीकडचंही. तिथीला बांधून घेतल्यामुळे विसरत नाही. फक्त नावं आणि विषय वाचायचे, संशयास्पद मेलमधल्या लिंकला हात लावायचा नाही. आणि कोणाकडून चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा, हा नंबर दुकानात भिंतीवर लिहून ठेवला आहे.

आता सगळं अचूक झालं असं नाही. रोज एखाद-दुसरा तेलवाला किंवा कर्जवाला आत येतो. मी तो चालवून घेते. दारात आलेल्या दहा फिरत्या विक्रेत्यांना परत पाठवायचा त्रास परवडला, पण कामासाठी आलेली एक मुलगी बाहेरच्या बाहेर परत जायला नको.

परवा दुकानातून ह्यांनी हाक मारली, "अगं, एक नवीन व्यापारी आहे, नाव ओळखीचं नाही. खडा म्हणू की दाणा?"

मी पीठ मळत होते. म्हटलं, "थांबा, हात धुऊन येते. बघून सांगू."

जय जिनेंद्र.